साईड कोणी द्यायची?

ताई, नमस्कार.

मी म्हापशाचा. नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, आठ वर्षं रोज गाडीने येऊन-जाऊन. वय एक्केचाळीस. लायसन काढल्याला वीस वर्षं झाली, आजवर एक चलन नाही. लेन बदलताना इंडिकेटर द्यायचा असं मला शिकवलं आणि मी तो देतो. बाकी कोणी देत नाही. पर्वरीला जे सुरू होतं ते कुठ्ठाळीपर्यंत. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे, जसा काही हायवे यांच्या अंगणातून गेलाय. केए, एमएच आणि त्या काळ्या नंबरप्लेटच्या रेंट-अ-कार तर विचारूच नका.

आता मी ठरवलंय, असल्यांना सोडायचं नाही. लांब हॉर्न देतो, डिपर मारतो, आणि कोणी घुसायला बघत असेल तर पुढच्या गाडीला चिकटून त्याला आत येऊच देत नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी सासूबाईंच्या वाढदिवसाला मडगावला निघालो होतो. गोवा वेल्ह्याजवळ एकाने असा कट मारला की जोरात ब्रेक दाबावा लागला, बायकोच्या मांडीवरचा केकचा डबा पायाशी पडला. मी त्याच्या मागे लागलो. झुआरी पूल उतरून कुठ्ठाळीला गाड्या तुंबल्या होत्या तिथे त्याला गाठला, काच खाली केली आणि सुनावलं. त्याच्या मागच्या सीटवर एक म्हातारी होती. ती हात जोडून मला म्हणत होती, ‘सोड रे पुता, सोड.’ तेवढं मात्र मला बरं वाटलं नाही.

त्या दिवसापासून बायको गाडीत पुढे बसत नाही. मुलगी नऊ वर्षांची. परवा दार उघडता उघडता विचारते, ‘बाबा, आज कोणाला ओरडणार?’

चूक त्यांची, मग माझ्याच घरात मी गुन्हेगार कसा? या लोकांना वळण कसं लावायचं? डॅशकॅम बसवून व्हिडिओ पोलिसांना पाठवू का? आणि बायकोला कसं समजावू?

— नियम पाळणारा, म्हापसा

ता. क. तुम्हाला गाड्यांतलंही कळतं असं ऐकलंय, म्हणून विचारतो. माझ्या गाडीचा डावा इंडिकेटर हल्ली फार घाईत टिकटिकतो, उजव्याच्या जवळजवळ दुप्पट. काही विशेष आहे का? गॅरेजला जायला सवड होत नाही.

*

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्ण तुमच्या बाजूने होते. मी फोंड्याची, अडतीस वर्षं गाडी चालवतेय, आणि ‘अंगणातून गेलेला हायवे’ मीही रोज बघते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी थांबले, आणि हे सगळं उत्तर त्या वाक्याभोवतीच फिरणार आहे. पण आधी तुमचं जे बरोबर आहे ते तुमच्या पदरात टाकते.

नियम तुमच्याच बाजूचा आहे. वाहन चालवण्याचे जे केंद्रीय विनियम २०१७ साली आले, त्यांत लेन बदलण्याआधी इशारा देणं बंधनकारक आहे. न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो. आता हा दंड कोणाला झालेला तुम्ही ऐकलाय का? मीही नाही. हेल्मेट लांबून दिसतं, सिग्नल तोडलेला दिसतो. न दिलेला इंडिकेटर पोलिसाने पकडायचा तरी कसा? तो घडतो आणि दोन सेकंदांत संपतो, आणि त्याचा साक्षीदार फक्त मागचा ड्रायव्हर असतो. तुमच्या संतापाचं अर्धं कारण हेच असणार. डोळ्यांसमोर चोरी होतेय आणि फिर्याद ऐकायला कोणी नाही.

आता ते वाक्य. ‘पुढच्या गाडीला चिकटून त्याला आत येऊच देत नाही.’

भाऊ, एक खरं सांगा. जो इंडिकेटर देऊन येतो, त्याला तुम्ही येऊ देता?

मला हा प्रश्न का सुचला ते सांगते. मागच्या पावसाळ्यात मांडवीवरचा अटल सेतू उतरून बांबोळीच्या दिशेने निघाले होते. मी डाव्या लेनमध्ये, पुढे वाळूचा टिपर, ताडपत्रीतून पाणी गळतंय. उजवीकडे जायचं म्हणून इंडिकेटर दिला. उजव्या लेनमधली गाडी माझ्यापासून चांगली पाच-सहा गाड्यांच्या अंतरावर होती. टिक-टिक सुरू झाली मात्र, तिने वेग वाढवला आणि ती माझ्या दाराशी येऊन राहिली. ती गेली. पुढची दिसली, पुन्हा इंडिकेटर, पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या वेळी मी इंडिकेटर दिलाच नाही. आरसा बघितला, मान वळवून बघितलं आणि सरकले. जागा मिळाली, कारण मागच्याला ती बंद करायला वेळच मिळाला नाही. अडतीस वर्षांची शिस्त तीन मिनिटांत गेली. आणि मी पडले निवृत्त शिक्षिका! पोरांना ओळीत उभं करण्यात माझा जन्म गेला.

न सांगता घुसणाऱ्यांतले काही निव्वळ आळशी, काहींचं डोकं फोनमध्ये, काहींना तो दांडा कशासाठी आहे हेच ठाऊक नाही. ते आहेतच. पण बरेचसे त्या दिवशीच्या माझ्यासारखे असतात. अनुभवाने शिकलेले, की साईड मागितली की मिळत नाही, तेव्हा मागायचीच नाही. त्यांना हे शिकवणारे कोण? ज्यांना इंडिकेटर दिसला की आपला नंबर जाईल अशी भीती वाटते ते. त्यांत तुम्ही आहात असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ‘घुसायला बघत असेल तर’ हे तुम्हाला कळतं ते बहुतेक वेळा त्याने इंडिकेटर दिल्यामुळेच कळत असणार.

‘साईड’ हा आपला जुना शब्द. ट्रकवाले साईड मागतात, साईड देतात, कोणी देत नसेल तर ‘साईड देईना’ म्हणून वैतागतात. मागणं आणि देणं या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू हे या शब्दातच आहे. इंडिकेटर आला आणि आपण फक्त मागणाऱ्याला नियम लावला, देणाऱ्याचं काही बोललोच नाही.

मला गाडी माझ्या मामाने शिकवली, फोंड्याला, प्रीमियर पद्मिनीवर. गियरचा दांडा स्टिअरिंगला. मामाचा इंडिकेटरवर विश्वास नव्हता, ‘वायर कुरतडली गेली की झालं तुझं’ म्हणायचा. म्हणून हात. उजवीकडे जायचं तर उजवा हात सरळ बाहेर. डावीकडे जायचं तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. हळू होणार असू तर तळवा खाली करून हात वर-खाली. आणि एक चौथा इशारा होता, तो आज कोणाला आठवतही नसेल: हात आडवा बाहेर काढून मागे-पुढे हलवायचा. अर्थ, मागच्या बाबा, तू जा पुढे. रस्त्याच्या नियमांत ‘तू जा’ यासाठी वेगळी खूण होती! आजच्या एसी गाड्यांत काच वर, हात आत. तो इशारा गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

हं, एक आलं, पण ते भलतंच. घाटात ट्रकच्या मागे अडकलात की ट्रकवाला उजवा इंडिकेटर लावतो. तुम्ही चोर्ल्याने किंवा अनमोडने गेला असाल तर बघितलं असेल. त्याचा अर्थ ‘पुढे मोकळं आहे, ये’. आणि तोच ट्रक खरंच उजवीकडे वळणार असेल तेव्हाही उजवाच इंडिकेटर लावतो. दोन्ही अर्थांना दिवा एकच, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते तुमच्या नशिबावर. मी घाटात ट्रकच्या इंडिकेटरवर कधीच ओव्हरटेक करत नाही. मागच्यांना काय हॉर्न वाजवायचे ते वाजवू देत.

दुसरा तसाच घोळ चार दिव्यांचा. चौकात सरळ जायचं असलं की आपल्याकडे पुष्कळ जण चारी इंडिकेटर लावतात. हे कोणी शिकवलं देव जाणे. चारी इंडिकेटर लावायचे ते बंद पडून रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीने. डावीकडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते, त्या बाजूचा एकच दिवा लुकलुकताना दिसतो. त्याला वाटतं, ही गाडी इकडे वळतेय. तो पुढे येतो. सरळ जायचं असेल तर काहीही लावू नये, इतकं सोपं आहे ते. जूनच्या धो-धो पावसात चार दिवे लावून चालवणाऱ्यांचंही तेच: लेन बदलताना त्यांना सांगायला दिवाच शिल्लक उरत नाही.

न दिलेल्या इंडिकेटरइतकाच खोटा इंडिकेटरही वाईट, याचा माझ्याकडे स्वतःचा पुरावा आहे. पर्वरीला एकदा थोडं डावीकडे घेतलं, इतकं थोडं की स्टिअरिंग पुरेसं फिरलं नाही आणि इंडिकेटर आपोआप बंद झाला नाही. गाडीत भाची बोलत होती, टिक-टिक ऐकूच आली नाही. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुलगा स्कूटरवर उभा होता. त्याने माझा डावा दिवा बघितला, मी गल्लीत वळतेय असं समजला आणि बिनधास्त बाहेर आला. दोघेही थांबलो, माझा बंपर त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर. त्याने मला शिवी दिली नाही, नुसतं बोटाने माझ्या दिव्याकडे दाखवलं. अजून ते बोट आठवतं.

नंबरप्लेटबद्दल एक शब्द, मग पुढे जाते. बाहेरच्या गाड्या आहेत, त्यांना रस्ता माहीत नसतो, गुगलबाई ऐन वेळी ‘डावीकडे वळा’ म्हणते आणि ते तीन लेन आडवे कापतात, हे सगळं खरं. पण उद्या सकाळी ऑफिसच्या वेळेला पर्वरीत न सांगता लेन बदलणाऱ्यांच्या पाट्या वाचत जा. त्या वेळेला पर्यटक झोपलेला असतो. तुम्हाला जीए-०३ दिसतील, जीए-०१ दिसतील, आमच्या फोंड्याचे जीए-०५ दिसतील. मी पैज लावायला तयार आहे.

आपल्याला लेनची सवयच नव्हती, भाऊ. जुन्या झुआरी पुलावर जायला एक आणि यायला एक, बदलायला लेन होतीच कुठे? गावातल्या वळणावर बोळात शिरताना हॉर्न द्यायचा, समोरून बस आली तर गडग्याला टेकून उभं राहायचं, कोणी मागे जायचं ते डोळ्यांनी ठरवायचं, ही आपली वाहतूक. त्यात एक अदब होती, पण ती समोरासमोरची होती. २०१९ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या झुआरी पुलाचा अर्धा भाग उघडला, पुढच्या डिसेंबरात दुसरा, आणि एकदम आठ लेन झाल्या. रस्ता पाच वर्षांत बदलला, हात मात्र बोरीच्या जुन्या रस्त्यावरचेच. (रस्त्याची जुनी सवय किती चिवट असते बघा: पोर्तुगालने स्वतः १९२८ साली गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूला नेल्या, पण गोव्याला डावीकडेच राहू दिलं, कारण शेजारी सगळा ब्रिटिश मुलूख डावीकडून चालणारा.)

मला वाटतं खरा फरक डोळ्यांचा आहे. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने कधी गेला असाल. रांग लागलेली असते, माणसाला घाई असते, तरी कोणी सहसा घुसत नाही. का? आपण गोंयकार फार सभ्य म्हणून? छे. ज्याची रांग मोडली तो पुढची दहा मिनिटं तुमच्या गाडीच्या बाजूला, कठड्याला टेकून उभा राहणार असतो, आणि बोटीवरून पळून जायला नदीच उरते. हायवेवर तो माणूस दोन सेकंदांत नाहीसा होतो. म्हणून तो तुम्हाला माणूस वाटत नाही, पांढरी बलेनो वाटते. कुठ्ठाळीला तुम्ही काच खाली केलीत आणि पांढऱ्या गाडीच्या जागी एक म्हातारी निघाली. तुम्हाला बरं वाटलं नाही ते त्यामुळे. ती जाणीव दाबून टाकू नका, तुमच्या पत्रातली ती सगळ्यात चांगली ओळ आहे.

आता कामाचं बोलते.

ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हणजे ३३ मीटर, तीन कदंब बस एकामागे एक उभ्या केल्यासारखं. मोजायला सोपं: पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं, तोवर आपण त्या खांबाशी पोचता कामा नये. पावसात दुप्पट. तुम्ही म्हणाल, इतकी जागा सोडली तर प्रत्येक जण घुसेल. घुसू दे की. एक गाडी आत आली की तुम्ही पुन्हा थोडे मागे सरकता, यात जातात फार तर अडीच सेकंद. म्हापसा ते वेर्णा पस्तीसेक किलोमीटरमध्ये दहा जण घुसले तर पंचवीस सेकंद. कारखान्याच्या गेटवर कार्ड दाखवायला याहून जास्त वेळ जातो.

आणि त्या जागेचा फायदा तुम्हालाच. गोवा वेल्ह्याला त्याने कट मारला ही त्याची चूक, शंभर टक्के. पण केक पडण्याइतका ब्रेक लागला, याचा अर्थ त्या क्षणी तुमच्या पुढे तीन बस काय, एकही बस मावण्याइतकी जागा नव्हती. मी तिथे नव्हते. तुम्ही होता, आठवून बघा.

न सांगता येणाऱ्याला ओळखताही येतं. दिव्याकडे बघू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी सरकायच्या आधी चाक वळतं. लेनच्या पट्टीकडे हळूहळू कलणारी गाडी, आरशात पुन्हा पुन्हा बघणारं डोकं, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे रिक्षा किंवा टिपरच्या मागे अडकलेली गाडी. ती बाहेर येणारच. दिवा लावो न लावो. ती दिसली की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलून ठेवा, ब्रेकचीही गरज लागत नाही. आणि दुसऱ्याच्या आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे त्याच्या मागच्या दाराच्या रेषेत, रेंगाळू नका. एक तर पुढे जा नाहीतर मागे राहा.

तुमचा स्वतःचा इंडिकेटर कसा असावा? आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून नजर, मग स्टिअरिंग. इथे बहुतेकांचा क्रम उलटा असतो, स्टिअरिंग वळलं की दिवा लागतो. तो इशारा झाला नाही, ती बातमी झाली. नियमानुसार इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे तीन लुकलुकी म्हणजे साधारण दोन सेकंद. निदान तेवढा वेळ आधी द्या. पुष्कळ नव्या गाड्यांत दांडा हलकासा दाबून सोडला की तीनदा लुकलुकून आपोआप बंद होतो, तो लेन बदलण्यासाठीच दिलाय. आणि इंडिकेटर म्हणजे हक्काचा दाखला समजू नका. ‘मी दिला होता’ म्हणत घुसणाऱ्यांची एक स्वतंत्र जमात आहे, त्यांच्यावर पुढच्या वेळी लिहीन.

कोणी साईड दिली की हात वर करा. एवढंसं. त्याला दिसलं नाही तरी मागे बसलेल्या मुलीला दिसतं.

डॅशकॅम बसवा, माझी काही हरकत नाही. अपघात झाला तर विम्याला आणि पोलिसांना उपयोगी पडतो. पण तो काचेला चिकटवलेला असू दे. हातात फोन धरून शूटिंग करणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, आणि त्याचा दंड इंडिकेटरच्या दंडाहून कितीतरी मोठा. लोकांच्या चेहऱ्यांचे व्हिडिओ गावभर फिरवू नका. आपल्याकडे २०१७ साली पोलिसांनी ट्रॅफिक सेंटिनल योजना काढली होती, तुम्हाला आठवत असेल. नागरिकांनी नियम मोडणाऱ्यांचे फोटो पाठवायचे, त्याचे गुण, गुणांवर बक्षीस. त्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत काय काय झालं तेही आठवत असेल. मला ती योजना तेव्हाही पटली नव्हती. रस्त्यावर खरोखर कोणी जिवावर उठल्यासारखा चालवत असेल, दारू प्यायलाय असं दिसत असेल, तर बाजूला थांबून ११२ ला फोन करा. इंडिकेटर दिला नाही म्हणून नको.

आणि त्या पाठलागाबद्दल. गोवा वेल्हा ते कुठ्ठाळी म्हणजे आगशी, मग सबंध झुआरी पूल. तेवढं अंतर तुम्ही बायको-मुलीला गाडीत घेऊन एका अनोळखी माणसाच्या मागे चिकटून गेलात. तेवढ्यात तुम्ही किती वेळा लेन बदललीत आणि त्यातल्या किती वेळा इंडिकेटर दिलात, हे मी विचारत नाही. वहिनींना विचारा. त्यांनी मोजलं असेल.

वहिनींना समजवायचं असं काही नाही. त्या बाजूला बसतात तेव्हा त्यांच्या हातात स्टिअरिंग नसतं, पायाखाली ब्रेक नसतो, आणि नवरा समोर बघण्याऐवजी दुसऱ्याच्या काचेत बघत असतो. माणूस अशा वेळी मागे जाऊन बसणार नाही तर काय करणार? तुम्ही त्यांना ‘चूक त्याची होती’ हे नक्कीच सांगितलं असेल, त्यांनाही ते मान्य असेल. त्यांनी तुमच्याबरोबर पुढे न बसणं हा त्याच्या चुकीचा निकाल नाही, तुम्ही त्याच्या मागे लागलात त्याचा आहे. माफी मागा. मडगावला जाऊन सासूबाईंकडेही, केकचं निमित्त करून. बेकरीतून नवा न्या. आणि पुढचा महिनाभर वहिनी मागे बसल्या तर बसू देत, एकदाही ‘पुढे ये’ म्हणू नका.

मुलीला काय सांगायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगते. तिच्या प्रश्नावर रागावू नका आणि हसण्यावारी नेऊ नका. ‘कोणालाच नाही’ असं वचनही देऊ नका, पर्वरीच्या पुढे ते टिकणार नाही. तिला सांगा, आज म्हापसा ते मडगाव आपण किती जणांना साईड देतो ते तू मोज. मुलांना मोजायला आवडतं. तुम्हालाही मग प्रत्येक घुसणारा एक गुण वाढवून देईल. माझ्या भाचीबरोबर मी हा खेळ खेळले, तेव्हा फोंडा ते पणजी चौदा झाले होते, आणि तिसऱ्या वेळी ती स्वतःच ओरडली, ‘मावशी, तो निळा इंडिकेटर देतोय, दे ना!’

राहिला तुमचा ता. क.

इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकायला लागला की समजायचं त्या बाजूचा एक बल्ब गेला. गाड्यांत तशी सोय मुद्दाम केलेली असते, ड्रायव्हरला आतूनच कळावं म्हणून. आज घरी गेल्यावर गाडी बंद न करता डावा इंडिकेटर लावा आणि गाडीला एक फेरी मारा. पुढचा पेटत असेल आणि मागचा अंधार असेल तर ‘हल्ली’ म्हणजे नेमके किती दिवस ते तुम्हीच मोजा, कारण तेवढे दिवस डावीकडे सरकताना तुम्ही आत टिक-टिक ऐकत होता आणि मागच्याला काहीच दिसत नव्हतं. गॅरेजची गरज नाही. साध्या बल्बचा दिवा असेल तर डिकी उघडून दिव्याच्या मागचा सॉकेट फिरवला की बल्ब हातात येतो, जुना काढून सोबत न्या आणि स्पेअर पार्टच्या दुकानात दाखवा. जुना ज्या रंगाचा होता त्याच रंगाचा घ्या. आणि दोन घ्या, उजवाही त्याच वयाचा आहे.

तुमची,
ताई